जुने यंत्र, बदललेले यंत्र की नवे: सीपॅप निवडण्यापूर्वीचा तुलनात्मक आढावा

फिलिप्स कंपनीने १४ जून २०२१ रोजी स्लीप ॲप्नियाच्या, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या विकाराच्या, रुग्णांसाठीची आपली घरगुती श्वसनयंत्रे परत बोलावत असल्याचे जाहीर केले. २००९ पासून २६ एप्रिल २०२१ पर्यंत तयार झालेली सीपॅप (मास्कमधून सतत एकाच दाबाने हवा देणारी), बायपॅप (श्वास घेताना व सोडताना वेगवेगळा दाब देणारी) आणि काही व्हेंटिलेटर यंत्रे त्यात होती. बाधित यंत्रांचा आकडा आधी तीस-चाळीस लाख सांगितला गेला आणि पुढे तो पंचावन्न लाखांच्या घरात गेला. त्यांत सर्वांत जास्त संख्या पहिल्या पिढीच्या ड्रीमस्टेशन यंत्रांची होती. आज ज्याला निर्णय घ्यायचा आहे, तो माणूस साधारणपणे चारपैकी एका परिस्थितीत असतो: उशाशी अजून ते जुने यंत्र आहे, कंपनीने त्याच्या जागी दुसरे दिले आहे, नवे घ्यायचे आहे, किंवा कोणीतरी वापरलेले यंत्र स्वस्तात देऊ करत आहे. या चारही पर्यायांतील धोका एकसारखा नाही.

आधी दोष नेमका काय होता ते पाहू, कारण पुढची सगळी तुलना त्यावर उभी आहे. सीपॅपमधील पंखा वेगाने फिरून हवा दाबाने नळीत सोडतो आणि त्याचा आवाज झोपणाऱ्याला त्रासदायक होऊ नये म्हणून हवेच्या मार्गालगत फोमचे अस्तर बसवलेले असते. फिलिप्सने त्यासाठी पॉलिएस्टर जातीचे पॉलियुरेथेन वापरले होते. या पदार्थातील एस्टर नावाचे रासायनिक बंध पाण्याच्या सान्निध्यात हळूहळू तुटतात, आणि उष्णता व दमटपणा वाढला की ही क्रिया वेग घेते. पॉलिइथर जातीचे पॉलियुरेथेन याबाबतीत बरेच टिकाऊ असते. ज्या यंत्राला ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा पाण्याचा डबा) जोडलेला असतो आणि जे रात्रीचे सात-आठ तास चालते, त्यात ओलाव्याला न टिकणारा पदार्थ बसवणे ही रचनेतलीच चूक होती, असे माझे स्पष्ट मत आहे. फोम झिजला की त्याचे काळे कण नळीतून मास्कमध्ये आणि तिथून श्वासात जाऊ शकतात. शिवाय फोममधून काही वायुरूप रसायने बाहेर पडण्याची शक्यताही कंपनीनेच नोंदवली होती. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या हवेत असे यंत्र वर्षानुवर्षे वापरणाऱ्याने ही बाब अधिक गांभीर्याने घ्यावी.

हा धोका प्रत्यक्षात किती मोठा आहे, याबद्दल मात्र दोन बाजू आहेत आणि दोन्ही समजून घेणे आवश्यक आहे. परत आलेल्या यंत्रांच्या तपासणीचे आकडे कंपनीने २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. ओझोन वायू सोडणाऱ्या उपकरणाने यंत्राची स्वच्छता केली नसल्याचे सांगणाऱ्यांच्या ३६,३४१ यंत्रांपैकी १६४ यंत्रांत, म्हणजे सुमारे अर्धा टक्का यंत्रांत, फोमची ठळक झीज दिसली. ओझोन वापरल्याचे सांगणाऱ्यांच्या ११,३०९ यंत्रांपैकी ७७७ यंत्रांत, म्हणजे सुमारे सात टक्के यंत्रांत, ती आढळली. रसायनांमुळे दीर्घकालीन अपाय होण्याची शक्यता फारशी नाही, असाही कंपनीच्या चाचण्यांचा निष्कर्ष होता. कॅनडातील ओंटारिओ आणि फ्रान्स येथील रुग्णांच्या नोंदींवर आधारित अभ्यासांतही अन्य कंपन्यांची यंत्रे वापरणाऱ्यांच्या तुलनेत कर्करोगाचे प्रमाण वाढलेले दिसले नाही.

दुसरीकडे, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे तिथल्या एफडीएने (आपल्या राज्याच्या एफडीएशी गल्लत करू नये), या माघारीला, म्हणजे यंत्रे परत बोलावण्याला, सर्वांत गंभीर असा पहिला वर्ग दिला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये, कंपनीच्या चाचण्या धोक्याचे पूर्ण मूल्यमापन करण्यास पुरेशा नाहीत, असे जाहीरपणे सांगितले. एप्रिल २०२१ नंतर या प्रशासनाकडे फोमशी संबंधित १,१६,००० हून अधिक तक्रार-अहवाल आले आणि त्यांत ५६१ मृत्यूंचा उल्लेख होता. अशा अहवालात नाव आले म्हणजे मृत्यू यंत्रामुळेच झाला असे सिद्ध होत नाही; पण एवढ्या अहवालांकडे पाठ फिरवणेही योग्य नाही. त्यातही मनाला लागणारी गोष्ट वेगळी आहे. २०२१ च्या उत्तरार्धात पेन्सिल्व्हेनियातील कारखान्याची पाहणी झाली, तेव्हा फोमबद्दलच्या शंका कंपनीच्या कागदपत्रांत २०१५ पासून असल्याचे निरीक्षकांना दिसले. मधली वर्षे रुग्ण रोज रात्री तोच मास्क विश्वासाने तोंडावर चढवत होते.

आता पहिली परिस्थिती. जुने यंत्र घरात असेल तर खरी तुलना जुन्या यंत्राची नव्या यंत्राशी नसून, जुन्या यंत्राची ‘काहीच न लावता झोपण्याशी’ आहे. सुरुवातीच्या सूचनेत सीपॅप वापरणाऱ्यांना वापर थांबवून डॉक्टरांना भेटण्यास सांगितले गेले आणि अनेकांनी फक्त पहिला भाग पाळला. ज्याचा श्वास दर तासाला तीस-चाळीस वेळा अडतो, रात्रभर ज्याचे ऑक्सिजनचे प्रमाण खाली-वर होते आणि जो सकाळी एस्टी किंवा ट्रक चालवायला बसतो, त्याच्यासाठी उपचार अचानक बंद करणे हा तात्काळ आणि ठोस धोका आहे. सौम्य विकार असणाऱ्याला मात्र, नवी व्यवस्था होईपर्यंत कुशीवर झोपणे, वजन कमी करणे किंवा दंतवैद्याने बनवलेले जबडा पुढे धरणारे साधन यांवर काही काळ निभावता येऊ शकते. त्यामुळे निर्णय विकाराच्या तीव्रतेवर ठरतो आणि तो डॉक्टरांसोबत घ्यावा. नळीत वा पाण्याच्या डब्यात काळे कण दिसत असतील तर मात्र ते यंत्र लगेच बदलावे. नळीत बसवायचा जीवाणूरोधक फिल्टर कण काही अंशी अडवतो, पण वायुरूप रसायने अडवत नाही. तो लावून निर्धास्त होऊ नये. जे रुग्ण घरी व्हेंटिलेटरवर जगतात, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय यंत्र बंद करू नये, ही सूचना पहिल्या दिवसापासून वेगळी दिली गेली होती.

कंपनीकडून बदलून मिळालेले यंत्र हा दुसरा पर्याय आणि अनेकांना ते बहुधा ड्रीमस्टेशन २ या रूपात मिळाले. त्यात जुना फोम नाही, सिलिकॉनचा आहे. फोमच्या दृष्टीने पाहिले तर ते जुन्यापेक्षा निश्चित बरे. परंतु नोव्हेंबर २०२३ मध्ये एफडीएने याच यंत्राबद्दल वेगळा इशारा दिला: १ ऑगस्ट ते १५ नोव्हेंबर या साडेतीन महिन्यांत यंत्र जास्त तापणे, धूर, आग आणि भाजणे यांसंबंधी २७० हून अधिक अहवाल आले होते, तर त्याआधीच्या तीन वर्षांत तीसही आले नव्हते. हे यंत्र वापरायचे असेल तर ते गादीवर, चादरीजवळ किंवा गालिच्यावर न ठेवता कडक सपाट पृष्ठभागावर ठेवावे, वापर नसताना प्लग काढावा, आणि जळका वास आला किंवा ह्युमिडिफायर नेहमीपेक्षा गरम लागला तर त्याच क्षणी बंद करावे. फिलिप्सच्याच ट्रिलॉजी व्हेंटिलेटरची दुरुस्तीही निर्दोष ठरली नाही. त्यांत बसवलेला नवा सिलिकॉन फोम काही ठिकाणी सुटून आल्याचे २०२२ मध्ये समोर आले. दुरुस्त झालेले यंत्र म्हणजे शंकामुक्त यंत्र नव्हे, एवढे यातून घ्यावे.

नवे यंत्र घेणाऱ्यासमोर फिलिप्सखेरीज प्रामुख्याने रेसमेडची एअरसेन्स मालिका, न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेलचे स्लीपस्टाईल आणि भारतात कमी किमतीत मिळणारी बीएमसीसारख्या चिनी कंपन्यांची यंत्रे असतात. आपल्या यंत्रांत फिलिप्सहून वेगळे साहित्य वापरले जाते, असे रेसमेडने २०२१ मध्येच जाहीर केले. फिलिप्सवर मात्र एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकी न्यायालयाचा संमती-आदेश (कंपनीने मान्य केलेल्या अटींचा आदेश) लागू झाला, त्यानुसार ठरलेल्या सुधारणा होईपर्यंत तिथे नवी झोप-उपचार यंत्रे विकता येत नाहीत. त्याच महिन्यात अपायाचे दावे मिटवण्यासाठी कंपनीने १.१ अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले. अमेरिकेबाहेर विक्रीला तशी सरसकट बंदी नाही. माझे मत विचाराल तर, सगळे दर सारखे असताना नव्या खरेदीसाठी मी आज दुसऱ्या कंपनीकडे वळेन. स्वस्त यंत्राबद्दल मात्र एक सावधगिरी सुचवते: एखाद्या मॉडेलची माघार कधी जाहीर झाली नाही, याचा अर्थ त्याची कसून नोंद ठेवली गेली असाच होतो असे नाही. विक्रेत्याला आत कोणता फोम आहे, पुण्या-नाशकात सेवा केंद्र आहे का आणि आयात परवाना कोणाच्या नावावर आहे, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर लेखी घ्यावे.

कंपनी बदलली तरी मास्कचा प्रश्न सुटत नाही. मास्कचे पट्टे चटकन लागावेत म्हणून अनेक मास्कमध्ये चुंबकीय क्लिप असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये फिलिप्सने आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये रेसमेडने अशा मास्कबद्दल सुधारित इशारे दिले. पेसमेकर, शरीरात बसवलेला डिफिब्रिलेटर (हृदयाचे बिघडलेले ठोके विजेच्या झटक्याने सावरणारे साधन), कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेले साधन) किंवा मेंदूतील धमनीफुग्यावरची धातूची क्लिप असलेल्यांनी हे चुंबक त्या साधनापासून किमान सहा इंच दूर राहतील याची खबरदारी घ्यायची आहे, आणि हे शेजारी झोपणाऱ्या जोडीदारालाही लागू आहे. घरात कोणाला पेसमेकर असेल तर बिगरचुंबकीय क्लिपचा मास्क घ्यावा. तो मिळतो आणि झोपेच्या आरामात काही उणे होत नाही.

स्वच्छतेबाबत तुलना अगदी सरळ आहे. ओझोन किंवा अतिनील किरणांवर चालणारी स्वच्छता-यंत्रे सीपॅपसाठी आपण मंजूर केलेली नाहीत, असे एफडीएने फेब्रुवारी २०२० मध्येच सांगितले होते, आणि वरचा सात टक्क्यांचा आकडा ओझोनचाच आहे. सौम्य साबण, कोमट पाणी आणि सावलीत वाळवणे पुरते.

राहिला चौथा पर्याय, वापरलेले यंत्र. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलाने स्वतःचे नवे घेतल्यावर जुने आई-वडिलांसाठी पाठवले, किंवा करोनाच्या दुसऱ्या लाटेत घाईने घेतलेले बायपॅप कपाटात पडून आहे, अशी यंत्रे आपल्याकडे हातोहात फिरतात. भावना चांगली असली तरी मला हा पर्याय चारही पर्यायांत सर्वांत कच्चा वाटतो, कारण यंत्र कुठे, किती दमट हवेत ठेवले होते, ओझोन वापरला होता का, यातले काहीच कळत नाही. शिवाय माघारीची सूचना मूळ खरेदीदाराच्या पत्त्यावर जाते. घ्यायचेच असेल तर यंत्राच्या तळावरचे मॉडेलचे नाव व अनुक्रमांक टिपून तो कंपनीकडे पडताळावा, आणि २६ एप्रिल २०२१ पूर्वीचे ड्रीमस्टेशन असून ते बदलल्याचा पुरावा नसेल तर नाकारावे. कोणत्याही यंत्राने त्रास दिला तर भारतात त्याची नोंद गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे चालणाऱ्या मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या त्रासावर लक्ष ठेवणाऱ्या) कार्यक्रमात रुग्णालाही करता येते. त्यासाठी बिल आणि अनुक्रमांकाचा फोटो आधीच मोबाइलमध्ये जपून ठेवावा.