पुढचे अपग्रेड डोळ्यांसमोर ठेवून जुळवलेला पीसी: वर्षभराहून जास्त वापरानंतर

२०२४ च्या दिवाळीआधी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, सुटे भाग घेऊन हा पीसी जुळवला. काम व्हिडिओ एडिटिंगचं. गाण्याच्या मैफली, नाटकाचे प्रयोग, तीन-तीन कॅमेऱ्यांचं फोर-के फुटेज, सगळं डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. बजेट बरं होतं, पण एकदाच सगळं टॉपचं घेऊन पाच वर्षं निर्धास्त राहायचं, हे मला पटत नाही. कॉम्प्युटरचे काही भाग दोन वर्षांत जुने होतात आणि काही दहा वर्षं हलत नाहीत. जे टिकतात त्यांत हात सैल सोडायचा, बाकीचे आज लागतील तेवढेच घ्यायचे, या हिशोबाने यादी केली.

एएमडीचा रायझन ९ ७९०० प्रोसेसर, बी६५०ई चिपसेटचा मदरबोर्ड, ३२ जीबीच्या दोन डीडीआर५-६००० रॅम, एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०७० सुपर ग्राफिक्स कार्ड, सगळ्यांना वीज पुरवणारा १००० वॉटचा एटीएक्स ३.० एसएमपीएस, नॉक्टुआचा एनएच-डी१५ कूलर आणि ऐसपैस कॅबिनेट. दुकानदाराने यादी वाचून मान हलवली. "साहेब, या कार्डाला हजार वॉट कशाला? साडेसातशे खूप झाले." त्या दिवसापुरतं त्यांचं बरोबरच होतं, कारण ४०७० सुपर २२० वॉटचं कार्ड आहे. ७९०० च्या खोक्यात कूलर फुकट येतो, तरी मी वेगळा मोठा कूलर मागितला, तेव्हा तर ते हसलेच. ७९०० चा टीडीपी, म्हणजे कूलरने किती उष्णता काढायची त्याचा आकडा, ६५ वॉट. पण त्याच सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेत, उद्या १६ कोअरचा ९९५०एक्स बसवला, तर तो १७० वॉटचा. कूलर त्याच्यासाठी आहे. शिवाय नवीन सॉकेट आलं की बिल दाखवल्यावर नॉक्टुआ सहसा नवी पट्टी-स्क्रू फुकट देते. असा भाग दोन पीसी बघतो.

सॉकेटवर मी सगळ्यात जास्त डोकं घातलं. या बोर्डाचं सॉकेट एएम५ २०२२ मध्ये आलं आणि ते २०२७ आणि त्यापुढेही चालवू असं एएमडीने जाहीर केलंय. कंपन्या काय वाटेल ते सांगतात, पण इथे मागचा इतिहास बरा आहे: आधीच्या एएम४ सॉकेटच्या २०१७ मधल्या बऱ्याच बोर्डांवर बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर चालतो. इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट मात्र बारावी ते चौदावी पिढी चालून ऑक्टोबर २०२४ मध्ये मागे पडलं, नवे प्रोसेसर नव्या सॉकेटवर आले. बोर्ड बदलायचा म्हणजे अर्धा पीसी उचकटायचा, विंडोजच्या लायसन्सचीही कटकट होऊ शकते.

तरीही एडिटिंगवाले मित्र "इंटेलच घे" म्हणत होते आणि त्यांच्या म्हणण्यात दम होता. माझे कॅमेरे १०-बिट ४:२:२ एचईव्हीसीमध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवणाऱ्या पण उलगडायला जड अशा फॉरमॅटमध्ये, रेकॉर्ड करतात. हे फुटेज इंटेलच्या प्रोसेसरमधलं क्विक सिंक हार्डवेअरवर सहज उलगडतं. एएमडीच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स ते करत नाही आणि एनव्हिडियाची ४० मालिकाही करत नाही. सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर येतो. एक कॅमेरा ठीक चालायचा, पण मल्टिकॅममध्ये (सगळे कॅमेरे एकत्र बघत एडिट करताना) तीन लावले की तबला पुढे आणि हात मागे. म्हणून पहिले काही महिने प्रत्येक कामाच्या आधी प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, बनवल्या, तेही मशीन रात्रभर चालू ठेवून. हे मला घेतानाच माहीत होतं. कार्ड बदलता येतं, सॉकेट बदलता येत नाही, यावर मी अडून बसलो.

२०२५ मध्ये एनव्हिडियाच्या ५० मालिकेत ४:२:२ चं डीकोडिंग (उलगडणं) आलं. मी ५०७० टीआय घेतलं: १६ जीबी मेमरी, ३०० वॉट. जुनं काढलं, नवं बसवलं, एसएमपीएसमधून थेट येणारी सोळा पिनांची केबल लावली, रिझॉल्व्हची नवी आवृत्ती टाकली. तीन कॅमेरे प्रॉक्सीशिवाय चालायला लागले. नॉइज रिडक्शन लावलं की जुन्या कार्डाच्या बारा जीबीवर 'जीपीयू मेमरी फुल' यायचं, तेही थांबलं. पक्कं बिल आणि खोकं जपून ठेवल्यामुळे जुन्या कार्डाला किंमतही बरी आली. कॅबिनेट घेताना कार्डाची लांबी सगळेच मोजतात. काचेपर्यंतची रुंदीही मोजा, कारण ती केबल कनेक्टरपाशीच वाकवायची नसते.

माझ्या हिशोबात न बसलेली गोष्ट म्हणजे रॅम. बोर्डावर चार स्लॉट दिसतात म्हणून "आत्ता दोन, पुढे दोन" असं वाटतं. एएम५ वर ते जमतं, पण वेग जातो: रायझन ७००० साठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन रॅमना ५२००, चारांना ३६००. म्हणून पुढे ६४ जीबीच्या दोन घेऊन आहेत त्या विकायच्या, असं ठरवलं होतं. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि भाव कुठल्या कुठे गेले. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझं ६४ जीबीवर भागतंय. पण आज कोणी पीसी जुळवत असेल तर रॅमला "लागेल तेव्हा बघू" हा नियम लावू नका.

त्रासाच्या गोष्टीही आहेत. बायॉस अपडेटनंतर पहिल्यांदा चालू करताना मेमरी ट्रेनिंगमध्ये (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो तेव्हा) स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. पहिल्यांदा धाबं दणाणतं. बटण दाबून बंद करू नका. एक एसएसडी गेली, वॉरंटीत बदलून मिळाली, पण सर्व्हिस सेंटरने आठवडेच्या आठवडे लावले. एसएसडीसाठीचा तिसरा एम.२ स्लॉट वापरण्याआधी बोर्डाचं मॅन्युअल वाचा, काही बोर्डांवर तो दुसऱ्या कशाचा तरी वाटा खातो.

आणि यूपीएस! लाखाच्या वरचा पीसी घेणारे लोक इथे स्वस्तातला जुनाच लावतात. चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढून घेणारं सर्किट) असतो आणि नकली साइन वेव्हच्या यूपीएसवर लाइट गेल्याक्षणी तो गडबडू शकतो: यूपीएस असूनही पीसी बंद. प्युअर साइन वेव्हचाच घ्या. पावसाळ्यात महावितरणची मेहेरबानी किती असते ते आपल्याला ठाऊक आहे.

९९५०एक्स अजून घेतलेला नाही, आत्ता गरज नाही. फक्त गेम खेळणाऱ्यांनी ही यादी उचलू नये. त्यांना ९८००एक्स३डी किंवा ७८००एक्स३डी प्रोसेसर आणि ३२ जीबी रॅम पुरे. एसएमपीएस मात्र हाच घ्यावा.