क्रिस्टल उपटला तरी दिवा लुकलुकतच राहिला

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तापकीर गल्लीत पहिल्यांदाच सुटी मायक्रोकंट्रोलर चिप (प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा संगणक) घ्यायला निघालेल्यांनी हे जरूर वाचावं. माझे पैसे गेले ते गेलेच, पण अभ्यासिकेतल्या मुलांचा सराव पेपर बिघडला, ते मला जास्त लागलंय.

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेसाठी मी वेळेवर वाजणाऱ्या घंटेचं सर्किट करत होतो. आर्डुइनो हा तयार बोर्ड अख्खा न वापरता त्यावरची सुटी चिप ॲटमेगा ३२८पी, चिपला वेळेचे ठोके देणारा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, त्याच्या जोडीचे २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर आणि घंटा चालू-बंद करणारा एक रिले. दुकानदाराने पाच चिप काढून दिल्या. "ओरिजिनल आहे साहेब, कोरा माल. १६ मेगाहर्ट्झचं सेटिंग करून तुमचा प्रोग्रामही टाकून देतो." त्याचे चिपमागे ५० रुपये वेगळे. माझ्याकडे प्रोग्रामर, म्हणजे चिपमध्ये प्रोग्राम टाकायचं यंत्र, नव्हतं, म्हणून पेनड्राइव्हवर फाइल नेऊन दिली. बिल मागितलं तर म्हणाला, "बिलावर जीएसटी पडेल." मी गप्प बसलो.

घरी जोडलं तर सेकंदाला लुकलुकणारा एलईडी दोन सेकंदांनी लुकलुकायला लागला. परत गेलो. "क्रिस्टल बोगस असेल तुमचा," म्हणून त्याने नवे क्रिस्टल विकले. फरक शून्य. मग कपॅसिटर बदलायला लावले. तिसऱ्या खेपेला म्हणाला, "प्रोग्राममधले आकडे निम्मे करा ना!" केले. पुन्हा टाकून घ्यायचे पुन्हा ५० रुपये. एलईडी बरोबर दिसायला लागला आणि मी घंटा बसवून टाकली. ही सर्वांत मोठी चूक, कारण मूळ दोष त्याने झाकला आणि मी झाकू दिला.

रविवारी दोन तासांचा सराव पेपर होता. घंटा पाच मिनिटं उशिरा झाली. मनगटी घड्याळ लावलेली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, वेळ कधीच संपली." बाकीचे अजून लिहीत होते. कोणाचे गुण खरे मानायचे?

भोसरीत कामाला असलेल्या माझ्या मावसभावाने, दादाने, सर्किट बघितलं. काही न बोलता चिमट्याने ९ आणि १० नंबरच्या पायांमधला क्रिस्टल उपटला. एलईडी लुकलुकतच राहिला! चिप क्रिस्टलकडे बघतच नव्हती. ती स्वतःच्या आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरवर, म्हणजे निम्म्या वेगाने ठोके देणाऱ्या घड्याळावर, चालली होती. कारखान्यातून येताना तो दहा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो. दोन तासांत पाच मिनिटं त्यातूनच आली.

मग दादाने त्याचा यूएसबीएएसपी हा प्रोग्रामर लावून चिप वाचली. चिपने कोणत्या घड्याळावर चालायचं हे ठरवणारं आतलं सेटिंग, म्हणजे लो फ्यूज, निघाला ई२, म्हणजे आतला ऑसिलेटर. आर्डुइनो उनोसारखं क्रिस्टलवर चालायला तो एफएफ लागतो, आणि कोऱ्या चिपमध्ये ६२ असतो, म्हणजे १ मेगाहर्ट्झ. चिप कोरीही नव्हती आणि सेटिंगही केलेलं नव्हतं. सिग्नेचर, म्हणजे चिपच्या आत कोरलेला ओळख क्रमांक, आली १ई ९५ १४. ती साध्या ३२८ची. ३२८पीची १ई ९५ ०एफ असते. प्रोग्राम टाकताना एव्हीआरड्यूड हे सॉफ्टवेअर हा घोळ दाखवून थांबतं, म्हणजे दुकानदाराने तो संदेश डावलून जबरदस्तीने पुढे ढकललं. भिंग लावल्यावर पायांवर जुन्या सोल्डरचा पातळ थर दिसला. ॲसिटोनचा बोळा फिरवला तर वरची अक्षरं काळी होऊन कापसावर आली.

दुकानात गेलो तर "विकलेला माल परत नाही." १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचा विचार केला, पण हातात बिलच नाही.

घेताना लॅपटॉप आणि प्रोग्रामर सोबत न्या, पैसे देण्याआधी काउंटरवरच सिग्नेचर आणि फ्यूज वाचा. दुकानदार नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. वेळ चुकत असेल तर आधी क्रिस्टल काढून बघा, मगच नवा घ्या. आणि एफएफ लिहिताना क्रिस्टल जोडलेला असू द्या, नाहीतर चिप प्रोग्रामरला उत्तरच देत नाही, बाहेरून क्लॉक देईपर्यंत ती मेल्यासारखीच असते.

दादाने त्याच चिपचा फ्यूज बदलला, मी आकडे पूर्ववत केले. अभ्यासिकेच्या काकांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी पुढच्या रविवारी नवा पेपर लावला. मी मागच्या बाकावर मोबाइल समोर ठेवून दोन तास बसून होतो. घंटा वेळेवर झाली.