जुन्या गाडीचा मऊ पडलेला पुढचा ब्रेक : पाइप बदलून आठ महिने झाले

माझी १५० सीसीची गाडी २०१० ची आहे. रोज नागपूरच्या मनीषनगरहून बुटीबोरी आणि परत. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात पुढचा ब्रेक मऊ लागायला लागला. सकाळी निघताना लिव्हर ठीक असायचा. दुपारी उन्हात तापलेली गाडी काढली की तोच लिव्हर मुठीला टेकायच्या बेतात यायचा. एकदा खापरीजवळ पुढच्या ट्रकनं अचानक ब्रेक मारला आणि माझी गाडी अंदाजापेक्षा बरीच पुढे जाऊन थांबली. मागे मुलगी बसली होती. अजून आठवलं की हात गार पडतात.

मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, पॅड गेले तुमचे. बदलले की होऊन जाते." पॅड बदलले, फरक शून्य. मग त्यानं दोनदा ब्रेकच्या ऑइलमध्ये अडकलेली हवा काढली. आठ दिवस बरं वाटायचं, नंतर पुन्हा तेच. पॅड झिजल्यानं डिस्क ब्रेकचा लिव्हर सहसा मऊ पडत नाही. पॅड ढकलणारा पिस्टन तेवढा पुढे सरकतो आणि हँडलवरच्या डबीतलं ब्रेकचं ऑइल खाली जातं, बस. हे तेव्हा माहीत असतं तर पॅडचे पैसे वाचले असते.

शेवटी मार्चमधल्या एका रविवारी स्वतःच बसलो. लिव्हर भराभर पाच-सहा वेळा दाबायचा. कडक होत गेला तर आत हवा आहे, किंवा डिस्क वाकडी नाहीतर चाकाची बेअरिंग ढिली असल्यानं पॅड मागे ढकलले जातायत. दाबून धरलेला लिव्हर हळूहळू मुठीकडे सरकत गेला आणि बाहेर कुठे ऑइल गळत नसलं, तर मास्टर सिलिंडरचं, म्हणजे लिव्हरपाशी ऑइल ढकलणाऱ्या भागाचं, रबर गेलं. माझा लिव्हर धरला तर जागेवर राहायचा, पण कितीही दाबला तरी लवचीकच. मग मुलीला लिव्हर दाबायला सांगितलं आणि हेडलाइटखालचा ब्रेक ऑइलचा पाइप चिमटीत धरला. तिच्या प्रत्येक दाबाला पाइप माझ्या बोटांत फुगत होता! पंधरा वर्षांचं रबर. हाताचा जोर कॅलिपरला, म्हणजे चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या भागाला, मिळण्याऐवजी पाइप फुगवण्यात जात होता, आणि ऊन तापलं की रबर आणखी सैल. दुपारीच ब्रेक मऊ का पडायचा, ते तिथे कळलं.

स्टीलच्या जाळीचा पाइप, कॅलिपरची रबरं आणि डॉट ४ ऑइल आणलं. डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं तेच ऑइल घ्या. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही. जुनं ऑइल कोऱ्या चहासारखं निघालं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी मुरलं की ती हमी १५५ अंशांवर येते. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, ते काळं पडायची वाट बघायची नाही. बदलताना टाकीवर ओलं फडकं टाका, रंग खातं हे ऑइल.

हवा काढायला मात्र खरा वेळ लागला. लिव्हर दाब, कॅलिपरवरचं हवा काढायचं निपल उघड, निपल बंद, मग लिव्हर सोड. तासभर केलं तरी मऊपणा उरलाच. हवा मास्टर सिलिंडरपाशी, पाइपच्या जोडात अडकली होती, आणि खालच्या निपलातून ती निघता निघत नाही. हँडल असं वळवलं की तो जोड सगळ्यात उंच येईल, डबीचं झाकण काढलं आणि लिव्हर अगदी थोडा, अर्धा सेंटीमीटर, हलवत राहिलो. डबीच्या तळच्या बारीक भोकातून मोहरीएवढे बुडबुडे एकेक करून वर यायला लागले. दहा मिनिटं तेवढंच बघत बसलो होतो. मग झाकण लावून लिव्हर रबरानं बांधून ठेवला. सकाळी सोडला तर दगडासारखा कडक.

एक चूक झाली. जोडाचे जुनेच वायसर परत लावले. आठवड्यात तिथे ओल दिसली. तांब्याचे नवे टाकल्यावर थांबली. दहा-वीस रुपयांच्या वस्तूसाठी ब्रेकशी खेळू नये.

यंदाचा मे ४५ अंशांच्या उन्हात गेला, लिव्हर सकाळी जिथे तिथेच दुपारी. पावसाळाही निघाला, परत हवा काढावी लागली नाही. तक्रार एकच, स्टीलच्या जाळीनं मडगार्डचा रंग घासला. तिथे आता प्लॅस्टिकची नळी चढवली आहे. पाइप घेताना वर आवरण असलेलाच घ्या.

आणि पहिले काही दिवस जपून चालवा. हाताला जुन्या मऊ लिव्हरची सवय असते, तेवढ्याच जोरानं दाबला तर आता चाक अडकतं. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे, माझ्या गाडीला ते नाही. जूनच्या पहिल्या सरीत अजनी चौकात चाक क्षणभर सरकलं. तेव्हापासून ओल्या रस्त्यावर दोनच बोटं, आणि तीही हळूहळू.