धार लावतो म्हणाला आणि ओरिजिनल ब्लेड घेऊन गेला

परभणीत माझं सलून आहे, बावीस वर्षं झाली. सलूनवाल्या भावांनो, हे तुमच्यासाठी लिहायलोय, कारण तो माणूस अजून आपल्याच भागात फिरत असणार.

ऐन लग्नसराई, दुकानात तीन गिऱ्हाइकं बसलेली. मोटरसायकलला मागं लाल पेटी बांधून एक जण आला. "मालक, कंपनीकडून आलोय. मशीन चेक करून देतो, फुकट." माझी केस कापायची वायरची मशीन हातात घेतली, टेस्टरनं बाजूचा स्क्रू जरासा फिरवला. मशीन लगेच खडखडायला लागली. "बघा, ब्लेडची धार गेली, मोटरवर लोड यायलाय. चार दिवसांत जळणार." माझ्या पोटात गोळाच आला. सीझनमध्ये मशीन बसली तर कमवायचं कधी?

मग धार लावायला तीन मशीनींचे ब्लेडचे जोड (वरचं-खालचं ब्लेड) काढून दिले. जोडाला 150 रुपये आणि वर 'स्पेशल तेला'ची बाटली 250 ला. सातशे रुपये गेले. "इथं ठिणग्या उडतील" म्हणून तो पेटी घेऊन कोपऱ्यावर गेला. गर्दी होती, मी मागं गेलो नाही. वीस मिनिटांत चकाचक ब्लेड आणून बसवून दिले.

दुसऱ्या दिवशी पहिलंच गिऱ्हाईक नवरदेव. संध्याकाळी हळद होती त्याची. मानेवर मशीन टेकवली न टेकवली तोच पोरगं "आई गं" म्हणून उडालं. मानेवर रक्ताची बारीक रेघ. तुरटी फिरवली, हात जोडले, पैसे घेतले नाहीत. त्याच्या वडिलांच्या तोंडाकडं बघवेना.

मशीन खोलली. वरचं हलणारं ब्लेड खालच्या ब्लेडच्या पुढं आलेलं. ते कायम मिलिमीटरभर मागं पाहिजे, नाहीतर कातडी धरतं. मग ब्लेड उलटं केलं. नवं ब्लेड घेतलं की त्याच्या पाठीवर मी 'म' ओढून ठेवतो. तो नव्हताच. तिन्ही जोड डुप्लिकेट. बाटलीचं बूच काढलं तर रॉकेलचा वास.

नांदेडला एक जुने मिस्त्री आहेत, त्यांच्याकडं गेलो. ते म्हणाले, "ठिणग्या म्हणाला तिथंच ओळखायचं होतंस. ब्लेड सपाट चाकावर हळूहळू घासतात. ठिणग्या उडेपर्यंत तापवलं तर दात निळे पडून पाणी उतरतं, म्हणजे पोलादाचा कडकपणा जातो." आणि बाजूचा स्क्रू? तो मशीनची ताकद जुळवायचा असतो. व्होल्टेज कमी-जास्त झालं की जुळवावा लागतो. खडखड होईपर्यंत फिरवायचा, मग आवाज बसेपर्यंत उलटा फिरवायचा. एवढ्यासाठी मी सातशे रुपये मोजले.

माझ्याकडची चौथी मशीनही केस ओढायची, म्हणून तीही सोबत नेली होती. मिस्त्रींनी दोन स्क्रू काढले. दोन ब्लेडच्या मधी केस आणि खोबरेल तेलाचा मेणासारखा थर. खोबरेल थंडीत गोठतं, ते मशीनला घालायचंच नाही. ब्रशनं झाडलं, फडक्यानं पुसलं, मशीनचं पातळ तेल तीन थेंब, एक दातांवर आणि दोन कोपऱ्यांवर. दात खाली करून थोडी चालवली, वर आलेलं तेल पुसलं. कापसाचा बोळा धरला तर सरळ कापला. धार लावायची गरजच नव्हती! माझ्या त्या तीन जोडांनाही बहुतेक नसणार.

आता रोज दुकान बंद करायच्या आधी एवढं करतोच. ब्लेड धारेला द्यायचं झालं तर डोळ्यांसमोर लावून घेतो.

लाल पेटीवाला सेलू, मानवत, पाथरीकडं आला तर आधी त्याची पेटी उघडायला लावा. पाठीवर 'म' ओढलेले ब्लेड निघाले तर ते माझे आहेत.