वय झालं, की फीट येते आहे?

वेंगुर्ल्याच्या आमच्या आत्तेबद्दल सगळे म्हणायचे, "वय झालं, विसरायचंच." पण तिचं विसरणं वेगळं होतं. पडवीत आमसुलं वाळत घालताना हात मध्येच थांबायचा, नजर एका जागी खिळायची, ओठ चावल्यासारखे हलायचे, बोटं पदराचं टोक चुरगाळत राहायची. दीड-दोन मिनिटांत ते थांबायचं. मग बराच वेळ ती गोंधळलेली, आणि तेवढा वेळ आठवणीतून साफ पुसलेला.

स्मृतिभ्रंश असा येत नाही. तो महिनोन् महिने हळूहळू वाढतो. जेवलो की नाही हे रोजच सुटतं, हिशोब चुकतो, ओळखीची वाट परकी होते. अपस्मारात, म्हणजे फीटच्या आजारात, झटके येतात आणि मधले दिवस बरेचसे स्वच्छ जातात. काहींना तर झोपेतून उठल्यावर अर्धा-एक तास काही लक्षातच राहत नाही, तेच तेच विचारतात. हातपाय झाडणं, तोंडाला फेस हे उतारवयात बऱ्याचदा नसतंच, म्हणून घरच्यांना फीट सुचत नाही.

फीटच्या गोळ्यांनी झटके बहुतेकदा आटोक्यात येतात. अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार, आजच्या औषधांनी बरा होत नाही. म्हणूनच हे ओळखायची माझी एवढी तळमळ. दोन्ही एकत्रही असू शकतात, कारण अल्झायमरमध्ये फीटचा धोका वाढतो. एक ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका. झोपेतला ईईजी जास्त सांगतो.

आत्तेच्या झटक्याचा वहिनीने मोबाईलवर व्हिडिओ काढला, डॉक्टरांना तोच सगळ्यात कामी आला. तुम्हीही काढा, आणि तारीख-वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.