विनाचालक शटल : धडकेची भीती कमी, धक्क्याचा राग जास्त

स्थानकापासून कार्यालयापर्यंतच्या एक-दीड किलोमीटरसाठी आलेल्या विनाचालक शटलांत ‘नाव्या आर्मा’ आणि ‘ईझीमाइल ईझेड१०’ ही मॉडेलं सर्वाधिक गाजली. आर्मात ११ बसून, ४ उभे. स्टिअरिंग नाही, पेडल नाही. अडथळे ओळखायला लायडार, म्हणजे लेसर किरणांनी अंतर मोजणारं यंत्र, आणि बहुतेक ठिकाणी सोबतीला एक कर्मचारी.

पहिल्यांदा चढताना लोक बिचकतात. एखादी फेरी झाली की धडकेची भीती बरीच ओसरते, उरतो तो ब्रेकचा राग. रस्त्याकडेचं वाढलेलं गवत हललं किंवा सायकल जवळून गेली की गाडी जागीच थबकते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या कोलंबसमध्ये ईझेड१० अशीच अचानक थांबली आणि आसनावरची व्यक्ती खाली पडली. वेग अगदी कमी होता, तरी तिथल्या नियामकाने या गाड्यांची प्रवासी वाहतूक काही काळ थांबवली. त्यामुळे पट्टा असेल तर लावाच, उभे असाल तर दांडा सोडू नका.

दुसरी खोट उलटी आहे: थांबणं जमतं, बाजूला होणं जमत नाही. २०१७ मध्ये लास वेगासला रिव्हर्समध्ये आपल्याकडे येणारा ट्रक पाहून शटल थांबली खरी, पण तिने ना हॉर्न दिला, ना ती मागे सरली. ट्रक घासलाच. हाताने चालवायचा कंट्रोलर कर्मचाऱ्याच्या हाताशी नव्हता, आत ठेवलेला होता! वाटेत चुकीची उभी केलेली मोटार असली तरी याच कंट्रोलरने गाडी वळवून काढावी लागते.

नापसंतीचं खरं कारण मात्र साधा हिशेब. १.२ किमी चालायला १५ मिनिटं. शटल सरासरी ताशी १२ किमीने ६ मिनिटांत पोचवते, पण दर २० मिनिटांनी सुटत असेल तर सरासरी १० मिनिटं थांब्यावर जातात. एकूण १६. धडधाकट माणूस चालतच जाणार. सामान, पाऊस किंवा दुखरे गुडघे असतील तरच ती परवडते.

कर्मचारी काढून टाकण्याची घाई आम्हाला पटत नाही. दिवसा चालून जाईल. रात्री चार अनोळखी माणसांसोबत बंद डब्यात बसताना, विशेषतः बायकांना, कॅमेरा आणि मदतीचं बटण पुरेसं वाटत नाही. नेदरलँड्समधल्या रिव्हियमची पार्कशटल १९९९ पासूनची, तीही आत कर्मचारी न ठेवता चालवलेली. पण तिला बव्हंशी स्वतंत्र मार्ग आहे आणि वाट ओळखायला रस्त्यात चुंबकं पुरलेली आहेत. असा मार्ग नसेल तर निदान गवत छाटा, पार्किंग हटवा आणि फेऱ्या पाच-सहा मिनिटांवर आणा.