कमी पळालेली जुनी एसयूव्ही: घाट आणि पावसाळा काढल्यानंतर

गाडी २०१२ ची. डिझेल, साधे गिअर. ओळखीतून घेतली आणि आता उसाचा हंगाम, उन्हाळा, कोल्हापूरकडच्या गगनबावड्याचा पाऊस, सगळं तिच्यावरून गेलंय. इंजिनाबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. काम निघालं ते बहुतेक रबराचं आणि तेलाचं. "लाखभरसुद्धा पळाली नाही" यावर लोक भुलतात, पण शेडमध्ये उभ्या गाडीचंही रबर वाळतंच.

टायरचंच बघा. नक्षी उत्तम, १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त. पण कडेला चार आकडे होते १४१६, म्हणजे २०१६ सालचा चौदावा आठवडा. नीट बघितलं तर बाजूला बारीक भेगा. चारही बदलले, सगळ्यात मोठा खर्च तोच. स्टेपनीही तेवढीच जुनी निघाली. शिवाय ती गाडीच्या पोटाखाली लटकते, चिखलाने तिची साखळी गंजते आणि नेमकी रात्री खाली येत नाही. अधूनमधून उतरवून बघत जा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. करूळ घाट भरल्या गाडीने उतरताना ब्रेक तापले की त्यात वाफ धरते आणि पेडल मऊ लागतं. साधारण दोन वर्षांनी बदलायचं, झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच घालायचं. नवं ऑइल घातलं म्हणून घाटभर ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही. एवढं वजन दुसऱ्या-तिसऱ्या गिअरनेच आवरतं. न्यूट्रलमध्ये घाट उतरणाऱ्यांना डिझेल किती वाचतं कोण जाणे!

हळू चालवताना पुढून खडखड यायची. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी चाक उचललं, खाली स्टँड लावला, मग चाक वर-खाली धरून हलवलं आणि नंतर डावी-उजवीकडे. वर-खाली प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा), आडवा असेल तर बहुतेक टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाक वळवणारा दांडा). आमचा बॉल जॉइंट निघाला. हा भाग सुटला तर चाकच आडवं होतं, त्यामुळे इथे काटकसर नको. बदलल्यावर अलाइनमेंट केली आणि स्टिअरिंग सरळ झालं.

पुरात गगनबावडा रस्ता पाण्याखाली जातो. "एसयूव्ही हाय, जातीय की" म्हणणारे भेटतात. वाहत्या पाण्यात कुठलीच गाडी घालू नये. साचलेलं पाणी चाकाच्या मध्यापर्यंत लागलं असेल तर नंतर डिफरन्शिअलचं, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं, ऑइल तपासा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढणं मात्र घरीही होतं.

हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या होत्या. हंगामात रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात, म्हणून पॉलिश लगेच करून घेतलं. ते काही महिनेच टिकतं. जास्त वॅटचा बल्ब घालू नका, होल्डर वितळतो.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे माझी २०२७ ला नोंदणी वाढवायला आरटीओत पासिंगला जाईल. त्याआधी मागचे शॉकअप आणि सायलेन्सरचा गंज काढायचाय.